घराला जागा : मावळातील गावठाण आणि नियोजन (प्रस्तावना)

महसुली नकाशावर गावठाण ही एक बंद रेघ असते. रेघेबाहेरचे गट, बांध, ओढे आणि गाडीवाटा मोजून-मापून दाखवलेल्या. रेघेच्या आत मात्र बहुतेक गावांत कोरा कागद. या कोरेपणाला कारण आहे. १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी पुणे जिल्ह्यातल्याच इंदापूर तालुक्यातून नव्या पद्धतीची जमीन मोजणी सुरू केली, तेव्हा सरकारला शेतसारा ठरवायचा होता. ज्या जमिनीवर माणसे राहतात ती साऱ्याच्या हिशेबात नव्हती, म्हणून तिच्या आतले घर नि घर मोजण्याची गरजही कुणाला वाटली नाही. त्या काळी जितकी घरे होती तितकी रेघेत मावली आणि रेघ कागदावर कायम झाली. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ ने गावठाणाची हद्द ठरवण्याचा आणि ती वेळोवेळी बदलण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना दिला. पण कायद्यातला हा ‘वेळोवेळी’ बहुतेक गावांच्या वाट्याला क्वचितच आला. कुटुंबे वाढली, विभक्त झाली, एका घराच्या चार खणांचे आठ वाटेकरी झाले, तरी रेघ होती तिथेच राहिली. प्रस्तुत ग्रंथ या रेघेबद्दल आहे. तिच्या आत कोण राहते, बाहेर कुणाला बांधता येते आणि मुंबई-पुण्याच्या मधे सापडलेल्या मावळासारख्या तालुक्यात गावच्या माणसाने आपले घर कुठे उभे करायचे, हा त्याचा विषय.

ग्रंथाच्या मध्यभागी कान्हे हे गाव आहे. पुणे–लोणावळा लोकलच्या मार्गावर वडगाव आणि कामशेत यांच्या मधले हे स्टेशन; जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावरच्या कान्हे फाट्यावरून टाकव्याकडे आणि पुढे आंदर मावळात रस्ता जातो. खोऱ्यातली गावे आणि महामार्ग यांची गाठ पडते ती अशा फाट्यांवर, आणि जमिनीचा भाव चढायला लागतो तोही इथूनच. मावळावर बाहेरचा ताण नवा नाही. १८५८ मध्ये पुणे–खंडाळा रेल्वे सुरू झाली आणि लोणावळा हवा खाण्याचे ठिकाण झाले. विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात टाटांच्या जलविद्युत प्रकल्पांनी वळवण, शिरवता आणि ठोकरवाडी इथे खोरी अडवली. १९७८ मध्ये लोकल आली. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. प्रत्येक टप्प्यावर शहर एकेक पाऊल जवळ आले. मावळ हे नावही आपल्याला फार जुन्या लेखात भेटते ते जमिनीच्याच व्यवहारात : कार्ल्याच्या लेण्यात मामाळ इथल्या अमात्याला उद्देशून सातवाहन राजाची आज्ञा कोरलेली आहे, ती भिक्षुसंघाला गाव दान देण्याबद्दलची. गावच्या जमिनीचे काय करायचे हे गावाबाहेर ठरवण्याची परंपरा इथे अशी दोन हजार वर्षांची आहे.

या प्रस्तावनेचा मुख्य मुद्दा सुरुवातीलाच मांडतो. आपले घरबांधणी धोरण आणि आपले जमीन नियोजन या दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे चालतात, आणि दोहोंच्या मधल्या फटीत गावची पुढची पिढी पडते. शेतकऱ्याच्या मुलापुढे कागदोपत्री कोणते मार्ग आहेत ते पाहावे. गावठाणातली जागा भावकीत वाटून संपलेली. शेतात घर बांधायचे तर शेतघराच्या नियमाला किमान ०.४ हेक्टर, म्हणजे एक एकर जमीन लागते. भातखाचरांच्या या तालुक्यात अनेकांचा वाटा गुंठ्यांत मोजला जातो. शेजाऱ्याकडून दोन गुंठे विकत घ्यावेत तर १९४७ चा तुकडेबंदी कायदा आड येतो. अलीकडे विहीर, शेतरस्ता आणि घरकुलासाठी त्यात अपवाद केले गेले, पण ते अपवादच. मग उरतो बिगरशेती प्लॉट. तो कायदेशीर असतो, त्याला रस्ता असतो, बँक कर्ज देते. फक्त त्याचा भाव शनिवार-रविवारच्या घरासाठी मुंबईहून येणाऱ्याची ऐपत पाहून ठरलेला असतो. तेव्हा गावचा मुलगा जे उरते ते करतो : बापाच्या शेतात, परवानगीशिवाय, सातबाऱ्यावर सामायिक नाव असलेल्या तुकड्यावर तो दोन खोल्या बांधतो. सरकारी भाषेत त्याचे घर ‘अनधिकृत’ ठरते आणि टेकडीवरचा कुंपण घातलेला बंगला ‘विकास’ ठरतो. इथे कुणा एका अधिकाऱ्याची चूक दाखवता येणार नाही. हे नियम एकेकटे वाचले तर प्रत्येकामागे काही सद्हेतू दिसतो. एकत्र वाचले म्हणजे गावकऱ्याच्या घराला कुठेच जागा उरलेली नाही हे ध्यानात येते.

नवख्या वाचकासाठी या क्षेत्राचा थोडा मागोवा घेणे भाग आहे. महाराष्ट्रातल्या गावाचा आधुनिक अभ्यास पुणे जिल्ह्यातच सुरू झाला असे म्हणायला हरकत नाही. पेशवाई बुडाल्यावर लगेचच टॉमस कोट्स या डॉक्टरने लोणी गावाची पाहणी केली आणि १८२३ मध्ये ती प्रसिद्ध झाली; त्याच लोणीकंदावर समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांनी १९६० मध्ये, सव्वाशे वर्षांनंतरचे गाव म्हणून, पुस्तक लिहिले. १९१५ मध्ये त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ आला. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोलके काम हॅरल्ड मान यांचे आहे. १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासातले गाव होते पिंपळे सौदागर. १७७१ मध्ये तिथे सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते, ते मान यांच्या पाहणीपर्यंत ७ एकरांवर आले होते. जमिनीचे तुकडे होत जाणे हा शेतीचा मोठा रोग आहे, ही समजूत पुढे धोरणकर्त्यांत रुजली त्यात अशा अभ्यासांचा वाटा होता, आणि १९४७ चा कायदा त्याच समजुतीतून आला. आज पिंपळे सौदागरात तुकडे झालेली शेतीही उरलेली नाही. तिथे पिंपरी-चिंचवडच्या उंच इमारती आहेत. कान्ह्याच्या वाचकाने हे उदाहरण नजरेआड करू नये. शेतीचे तुकडे रोखणाऱ्या कायद्याने शेती वाचवली नाही, आणि शेतकऱ्याच्या घराचा विचार तर त्याच्या कक्षेतच नव्हता.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाकडे पाहण्याच्या चार-पाच दृष्टी तयार झाल्या. त्यांतली सर्वांत परिचित दृष्टी घरकुलाची. १९८५ मध्ये इंदिरा आवास योजना आली, २०१६ मध्ये ती प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) झाली. राज्याच्या रमाई आणि शबरी योजना तिच्या जोडीला आहेत. या योजनांनी लाखो कुटुंबांच्या डोक्यावर पक्के छप्पर आणले, आणि त्यांना कमी लेखणाऱ्यांनी पावसाळ्यातली गळकी झोपडी आठवावी. तरीही घरकुल मंजूर होते ते स्वतःची जागा दाखवणाऱ्यालाच. ज्याला जागा नाही त्याच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागा खरेदीला आधी ५० हजार आणि नंतर १ लाख रुपयांपर्यंत मदत ठेवली गेली. फाट्याजवळच्या गावात या रकमेत पाचशे चौरस फूट जागा मिळणे अवघड आहे. घराच्या आकाराचाही प्रश्न आहे. योजनेतले किमान क्षेत्र २५ चौरस मीटर. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पूर्वेकडे सरकताना तो झपाट्याने उतरतो, पण कान्ह्यापर्यंतचा पट्टा भाताचाच आहे. भात पिकवणाऱ्या घराला कणग्या ठेवायला, सरपण आणि पेंढा कोरडा राखायला, गुरे बांधायला पडवी लागते. पडवी नसलेले घर शहरातल्या खोलीची नक्कल होते, आणि मग तीच पडवी पत्रे टाकून, परवानगीविना, मागून जोडली जाते.

दुसरी दृष्टी मालकीच्या कागदाची. गावठाणाचा नकाशा कोरा असल्याने आतल्या घराला ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधली घरपट्टीची नोंद हाच काय तो आधार असे. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला आणि २०२० मध्ये स्वामित्व योजना सुरू झाली. मिळकत पत्रिका हाती येणे ही मोठी गोष्ट आहे. तिच्यामुळे वाद कमी होतात, कर्ज मिळते, बाईचे नाव घरावर लागू शकते. मात्र ही मोजणी जुन्या रेघेच्या आतली आहे. रेघेबाहेर तीन पिढ्या नांदलेल्या वाडीला ती पत्रिका देत नाही, आणि आतल्या घरांची आजची दाटी ती कागदावर आणखी घट्ट करते.

तिसरी दृष्टी नियोजनकारांची. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली पुण्याची प्रादेशिक योजना झाली, २०१५ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण म्हणजे पीएमआरडीए स्थापन झाले, २०२० मध्ये राज्यभर एकत्रित विकास नियमावली लागू झाली. प्राधिकरणाचा प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, हरकती आणि सुनावण्या झाल्या, न्यायालयात वाद गेले, आणि २०२५ मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय झाला. त्या चार वर्षांत प्रारूपात आरक्षण पडलेल्या गटाच्या मालकाने घर बांधावे की थांबावे? आराखडे मोठ्या प्रदेशाचे असतात, तिथे वर्तुळाकार रस्ते, औद्योगिक पट्टे आणि लाखांतली लोकसंख्या दिसते. चार भावांपैकी धाकट्याच्या घराचा प्रश्न त्या मापात दिसतच नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला मान दिला, पण घर बांधायची परवानगी महानगराच्या प्राधिकरणाकडे गेली. चौथी दृष्टी पर्यावरणाची. गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन गटाचा २०१३ चा, आणि २०१४ पासून पश्चिम घाटाच्या संवेदनक्षेत्राच्या प्रारूप अधिसूचना पुन्हा पुन्हा निघत राहिल्या. डोंगर फोडून होणारे प्लॉटिंग थांबले पाहिजे याबद्दल आमच्या मनात शंका नाही. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातले माळीण दरडीखाली गेले आणि दीडशेच्या वर माणसे दगावली. घर कुठे बांधू नये हे ठरवणेही घरबांधणी धोरणच असते. पण माळीणच्या माणसांना नवे गाव दुर्घटनेनंतर मिळाले. डोंगरउतारावरच्या इतर वाड्यांना सुरक्षित जागी गावठाण आधीच देणे याच तत्त्वात बसते.

आणि या सगळ्या दृष्टींच्या कडेला कातकरी आणि ठाकर वाड्या आहेत. दुसऱ्याच्या मालकीच्या किंवा वनखात्याच्या जमिनीवर, गावाच्या नकाशात नाव नसलेल्या. रायगड जिल्ह्यातल्या कातकरी वाड्यांचा अभ्यास डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी केला, त्यात घराखालची जमीन आपली नसल्याचे काय परिणाम होतात ते सविस्तर आले आहे : जमीन विकली जाते, कुंपण पडते, पाण्याची आणि स्मशानाची वाट बंद होते. घाटाच्या वरचे चित्र फार वेगळे मानण्याचे कारण नाही. २०२३ मध्ये पीएम-जनमन योजना आली आणि कातकऱ्यांच्या घरांसाठी वेगळा निधी आला. पण जागेचा प्रश्न निधीने सुटत नाही. कलम १२२ खाली वाडीच्या जागेला गावठाण म्हणून मान्यता देणे हाच सरळ मार्ग आहे, आणि तो कायद्यात आधीपासून आहे.

हा प्रश्न एकट्या मावळाचा नाही. आयर्लंडमध्ये, मुख्यतः पश्चिम किनाऱ्यावर, आयरिश बोलणाऱ्या वस्त्यांचा पट्टा आहे, त्याला गेलटाख्त म्हणतात. २०२२ च्या जनगणनेत तिथले १ लाख ६ हजार रहिवासी नोंदले गेले. शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे त्यांतले जेमतेम २० हजार. तिथे २००० च्या नियोजन कायद्याने विकास आराखड्यात भाषेच्या आणि संस्कृतीच्या जपणुकीचा विचार सक्तीचा केला, काही भागांत नव्या घरांच्या परवानगीला भाषेची अट जोडली गेली. कारण साधे आहे : तरुण जोडप्याला गावात घर मिळाले नाही तर ते शहरात जाते, आणि त्याच्या मुलांची भाषा बदलते. वेल्सने २०२२ मध्ये ‘दुसरे घर’ हा नियोजनातला स्वतंत्र वर्ग केला. स्वित्झर्लंडने त्याच्या दहा वर्षे आधी सार्वमत घेऊन प्रत्येक गावातल्या दुसऱ्या घरांना २० टक्क्यांची मर्यादा घातली. मराठीवर आयरिशसारखी वेळ आलेली नाही, आणि तशी भीती घालणे खोटेपणाचे होईल. तरी मावळातली भाषा केवळ व्याकरणात राहत नाही. खाचरांची, टेपाडांची, पाणवठ्यांची, देवरायांची नावे वापरात असतात ती तिथे रोज जाणारी माणसे जवळ राहतात म्हणून. काकडा, सप्ताह, जत्रा यांना गावात मुक्कामाला असलेली माणसे लागतात. आपल्याकडचा धडा गोव्याने दिला आहे. २००६ मध्ये अधिसूचित झालेली ‘प्रादेशिक योजना २०११’ लोकांच्या चळवळीपुढे २००७ च्या जानेवारीत मागे घ्यावी लागली. आराखडा म्हणजे तज्ज्ञांचाच विषय, हा समज तिथे मोडला.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप असा की ‘गावच्या माणसाला आधी घर’ म्हटले की कोण गावचा हे ठरवणे आले. देशात कुठेही राहण्याचे स्वातंत्र्य घटनेच्या १९ व्या कलमाने दिले आहे. शिवाय ज्या गावकुसाने शतकानुशतके माणसे बाहेर ठेवली त्याच गावाच्या हाती पुन्हा दाराची कडी द्यायची काय? हा आक्षेप आम्ही पूर्णपणे मान्य करतो. बेल्जियममध्ये स्थानिकाशी पुरेसे नाते असण्याची अट घालणारा फ्लेमिश कायदा युरोपीय न्यायालयाने २०१३ मध्ये अमान्य केला आणि आयर्लंडलाही आपल्या नियमांकडे पुन्हा पाहावे लागले. म्हणून जन्म, आडनाव, भावकी हे निकष नकोत. गरज हा निकष असावा : जो इथे राहतो आणि कमावतो, आणि ज्याला इतरत्र घर नाही. त्यात दलित वस्तीतले कुटुंब, माहेरी परतलेली बाई आणि कातकरी कुटुंब आधी येतात, कारण गरज त्यांचीच जास्त आहे. सध्याचा ‘शेतकरीच शेतजमीन घेऊ शकेल’ हा १९४८ च्या कूळकायद्याचा नियम स्थानिकाला राखत नाही हेही लक्षात घ्यावे. राज्यात कुठेही सातबारा असलेला धनिक तो सहज ओलांडतो, आणि इथला भूमिहीन मजूर मात्र बाहेर राहतो.

दुसरा आक्षेप : शेताशेतात घरे पसरली तर शेती जाईल, रस्ते-पाण्याचा खर्च वाढेल. खरे आहे, आणि म्हणूनच आमचा आग्रह गावठाणाला लागून सलग विस्ताराचा आहे. महसूल संहितेच्या कलम ४२-ड ने गावठाणापासून २०० मीटरच्या आत निवासी वापराला वेगळ्या बिगरशेती परवानगीची गरज ठेवली नाही. वरवर पाहता ही गावकऱ्यांची सोय. प्रत्यक्षात नुसती मोकळीक दिली की तो पट्टाच सर्वांत महाग होतो, कारण तिथे रस्ता, पाणी, वीज आयती असते. आणि तो आधी विकला जातो. मोकळीक आणि राखीव वाटा एकत्र द्यायला हवेत. तिसरा आक्षेप शेतकऱ्याकडून येतो : माझी जमीन, मी चांगल्या भावाने का विकू नये? मुलीचे लग्न, दवाखाना, म्हातारपण यांसाठी ज्याच्याकडे दुसरे काही नाही, त्याला गावासाठी त्याग करायला सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही. त्यामुळे विस्ताराची जमीन वाजवी मोबदला देऊनच घ्यावी लागेल. पैसा कुठून, याचेही उत्तर शोधता येते. मोठ्या महापालिकांत २०१३ पासून मोठ्या प्रकल्पांना लहान घरांसाठी २० टक्के वाटा राखावा लागतो. गावालगतच्या प्रत्येक मोठ्या रेखांकनाला तेच तत्त्व, ग्रामसभेच्या गरजेच्या यादीशी जोडून, लावता येईल. शेत बिगरशेती झाल्यावर चढणारी किंमत रस्त्याने, रेल्वेने आणि धरणाच्या पाण्याने चढवलेली असते. तिच्यातला थोडा भाग गावच्या घरांकडे वळवणे न्यायाला धरून आहे.

ग्रंथातले लेख या वादाच्या वेगवेगळ्या बाजूंनी लिहिलेले आहेत आणि सगळ्यांची मते एकमेकांशी जुळतात असे नाही. काही लेख कायद्याच्या इतिहासात शिरतात, काही घराच्या रचनेत, काही खोऱ्यांतल्या धरणग्रस्तांच्या पुनर्वसित गावठाणांत. कान्ह्याला धरून आंदर, नाणे आणि पवन ही मावळची तिन्ही खोरी नजरेसमोर राहतील असा प्रयत्न आहे. लोणावळ्याच्या रिसॉर्टांचा आणि नगरपालिका हद्दीचा विचार मुद्दाम बाहेर ठेवला, कारण तो शहराचा प्रश्न आहे आणि त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. शेवटी घरांच्या गरजेची यादी ग्रामसभेने कशी करावी याचा एक नमुना जोडला आहे : कुटुंब किती, खण किती, जागा कुणाच्या नावावर, पुढच्या दहा वर्षांत किती घरे लागतील, त्यासाठी गावठाणालगतचे कोणते गट. आराखड्यावर हरकत घेताना हातात अशी यादी असली म्हणजे गावाला नुसता विरोध नोंदवून थांबावे लागत नाही. कारखान्यात कामाला येऊन गावात भाड्याच्या खोलीत पाच-सहा वर्षे राहणाऱ्या कुटुंबाला त्या यादीत धरायचे की नाही, यावर मात्र लेखकांचे एकमत झाले नाही. धरावे असे माझे मत आहे. न धरण्यामागची कारणेही तितक्याच सविस्तरपणे छापली आहेत.